चयापचय, वजनवाढ आणि मातृपोषण

समान आहार घेऊनही काहींचे वजन लवकर का वाढते? दैनंदिन ऊर्जेचा सुमारे ६० टक्के भाग विश्रांतीतील चयापचयावर खर्च होतो. स्नायू कमी असल्यास हा खर्च घटतो. तोच आहार अतिरिक्त ठरून मेदरूपाने साठतो.

ही जडणघडण गर्भावस्थेतच सुरू होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून परिसरातील सहा खेड्यांत अभ्यास केला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथे ३.५ किलो आढळले. पुण्याच्या अर्भकांत स्नायू कमी होते. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. अशा शरीररचनेमुळे पुढे मधुमेहाचा धोका संभवतो.

म्हणूनच मातृपोषणावरील खर्च ही मानवी भांडवलातील गुंतवणूक ठरते.