जर्मन ग्राहकाला ईमेल लिहिताय? ही सहा वाक्यं आणि एक स्वल्पविराम लक्षात ठेवा



समजा, तुमचा सोलापूरला टॉवेलचा छोटा व्यवसाय आहे आणि एक दिवस जर्मनीतून चौकशीचा मेल येतो. पुढचा सगळा व्यवहार इंग्रजीत झाला तरी चालतं. पण सुरुवात आणि शेवट जर्मनमध्ये केलात, तर समोरच्याला कळतं की या माणसाने आपल्यासाठी थोडे कष्ट घेतलेत.

इथे मी उच्चार देवनागरीत देतोय. रोमन स्पेलिंग व्हिडिओत पडद्यावर आहे, मेल लिहिताना तेच वापरा.

१. सुरुवात: बाईंना ‘झेअर गेएर्टे फ्राउ’, पुरुषांना ‘झेअर गेएर्टर हेर’ आणि पुढे आडनाव. पहिलं नाव नको! नावच माहीत नसेल तर ‘झेअर गेएर्टे दामेन उंट हेरेन’. यानंतर स्वल्पविराम द्या आणि पुढची ओळ लहान अक्षराने सुरू करा. तिथे तसाच नियम आहे.

२. आभार: ‘फीलेन डांक फ्युर ईअरे आनफ्रागे’, म्हणजे आपल्या चौकशीबद्दल खूप आभार.

३. दरपत्रक जोडताना: ‘आनबाय फिंडेन झी उन्झर आनगेबोट’, म्हणजे सोबत आमचं दरपत्रक जोडलं आहे.

४. दर बदलू शकत असतील तर: ‘उन्झर आनगेबोट इस्ट फ्रायब्लायबेंट’, म्हणजे हे दर आमच्यावर बंधनकारक नाहीत.

५. शंका असल्यास: ‘फ्युर र्‍युकफ्रागेन श्टेहे इश ईनेन गेर्ने त्सुअर फेरफ्युगुंग’, म्हणजे काही विचारायचं असेल तर मी हजर आहे.

६. शेवट: ‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्युसेन’. इंग्रजीत आपण शेवटी स्वल्पविराम देतो, इथे तो द्यायचा नाही. खाली सरळ तुमचं नाव.

आपल्याकडे जसं ‘तू’ आणि ‘आपण’, तसं त्यांच्याकडे ‘डू’ आणि ‘झी’. धंद्यात कायम ‘झी’. समोरच्याने स्वतःहून ‘डू’ म्हटलं, तरच तुम्ही म्हणा.

आता चौथ्या वाक्याकडे परत या. जर्मन नागरी संहितेच्या कलम १४५ नुसार, प्रस्ताव देणारा त्याच्या प्रस्तावाला बांधील असतो. बांधील नाही असं त्याने आधीच सांगितलं असेल, तरच त्याची सुटका. आपण ‘बघू, भाव नंतर ठरवू’ अशा विचाराने दर पाठवतो. समोरचा त्याला शब्द समजतो. उद्या सुताचा भाव वाढला तर? म्हणून हा एक शब्द, ‘फ्रायब्लायबेंट’. नाहीतर दर किती तारखेपर्यंत लागू आहेत ते स्पष्ट लिहा.

आणि आता तो स्वल्पविराम! जर्मनीत आकड्यांमधला टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलट असतात. ग्राहकाने ‘१०.००० नग’ लिहिलं, तर ते दहा नाहीत, दहा हजार आहेत! तुम्ही ‘१,२५० युरो’ लिहिलंत, तर त्याला ते सव्वा युरो वाटू शकतं. त्यांच्या पद्धतीने बरोबर लिहायचं ते असं: ‘१.२५०,०० युरो’. मोठी रक्कम असेल तर अक्षरीही लिहा. आपण चेकवर लिहितोच ना, तसंच.

अजून एक. डिलिव्हरीसाठी ‘का-वे २३’ असं लिहिलेलं दिसेल. तो मालाचा कोड नाही. तो वर्षातला तेविसावा आठवडा, म्हणजे साधारण जूनचा पहिला आठवडा. आठवडा सोमवारी सुरू होतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या एका मालाचं दरपत्रक घ्या आणि ही सहा वाक्यं वापरून मेल लिहा. पाठवण्याआधी फक्त आकडे पुन्हा एकदा वाचा, मोठ्याने. भाषेत चूक झाली तर ग्राहक हसून सोडून देईल. आकड्यात झाली तर पैसे तुमच्या खिशातून जातील.

चला, लागा कामाला!