आधी चाल, मग पळ

सांगली

चि. बाळ,


परवा ताईचा फोन आला. पोलीस भरतीसाठी तू कोल्हापुरात खोली घेतलीस आणि दुसऱ्याच आठवड्यात नडगी धरून बसलास, असं म्हणाली. रोज पहाटे १६०० मीटर जीव तोडून पळतोस म्हणे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत २० गुण त्या १६०० मीटरचे, त्यामुळे तुझी घाई मला कळते. तरीही सांगतो, सध्या पळणं बंद कर. आधी नडगी डॉक्टरांना दाखव. हाडावर एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, तर ती अंगावर काढू नकोस. त्यांनी हो म्हटलं की चालायला लाग.

कॉलेजला असताना मीही हेच केलं होतं. पहिल्या दिवसापासून रंकाळा तलावावर पळत सुटलो. आठ दिवस बरं वाटलं, दहाव्या दिवशी जिना उतरवेना. पुढचे दोन महिने वाया गेले. चुकतंय कुठे, हे तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

दम आणि हाडं एकाच वेगानं तयार होत नाहीत, चूक होते ती इथे. श्वास काही आठवड्यांत सरावतो आणि आपल्याला वाटतं, जमलं. नडगीचं हाड आणि घोट्यामागची जाड शीर यांना मात्र महिने लागतात. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना दोन्ही पाय क्षणभर अधांतरी जातात आणि मग अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एकट्या पायावर येतो. तुझं वजन ६० किलो धरलं, तर दर पावलाला १२० ते १८० किलो. हा मार सोसायची ताकद हाडात चालण्यानं हळूहळू येते.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुला माहीत आहेच. लहानपणी गाडीची सोय नव्हती, म्हणून घर ते शाळा सहा किलोमीटर तो कधी चालत, कधी पळत जायचा. शर्यत तेव्हा त्याच्या डोक्यातही नव्हती. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत मिळवलं. माझ्या मते ते पाय शाळेच्या वाटेवर घडले. आणि आषाढी एकादशीला नंदवाळच्या वारीच्या वाटेवर एकदा उभा राहून बघ. आयुष्यात कधी पळाल्या नसतील अशा म्हाताऱ्या बायका न थांबता चालत असतात.

पहिले तीन आठवडे रोज ४०-४५ मिनिटं रंकाळ्यावर चाल. रमतगमत नाही, झपाझप. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. चपला घालून जाऊ नकोस, चांगले बूट घे. पैसे मी देतो. चौथ्या आठवड्यात एक मिनिट हळू पळ, चार मिनिटं चाल, असं आठ वेळा कर, तेही एक दिवसाआड. दुखलं नाही तरच पुढच्या आठवड्यात पळण्याचं एक मिनिट वाढव. दुखलं, तर मागच्या आठवड्यावर परत ये. त्यात कमीपणा नाही. महिन्याभरानं रविवारी जोतिबाचा डोंगर चढ. उतरताना मात्र सावकाश, उतारावर गुडघ्यांना जास्त धक्का बसतो. चालून झालं की गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध मिळतं म्हणून पोरं तिकडे वळतात. तू ते खोलीवर आणून उकळून पी.

घड्याळ लावून १६०० मीटर पळायचं ते तिसऱ्या महिन्यात. तोवर सोबतची पोरं पुढे जाताना दिसतील. जाऊ देत.

पुढच्या रविवारी मी कोल्हापुरात येतोय. सकाळी सहाला रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला थांबतो. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर बूट घालून ये, एक फेरी मिळून चालू.

तुझा,
मामा