‘नित्य’ म्हणजे किती वेळा?

सून वर्षातून दोनदा माहेरी गेली, तर सासूबाई म्हणतात, ‘ही नेहमी माहेरी पळते.’ तिकडे तिची आई म्हणते, ‘पोरगी क्वचितच येते हो!’ खेपा दोनच, आणि खोटे दोघींपैकी कोणीच बोलत नाही. एकीला एकही खेप नको होती, दुसरीला महिन्याची हवी होती. ‘पावसाळ्यात सरी वारंवार येतात’ म्हटले की दिवसाला पाच-सहा धराव्या; ‘त्या वाडीत आग वारंवार लागते’ म्हटले की वर्षाला दोन वेळा पुष्कळ झाल्या. आणि ‘कधी तरी या’ यातला कधी तरी कोणत्याच पंचांगात सापडायचा नाही, बरं का!

प्रपंचात हे खपून जाते. पण सज्जनहो, तुळशीची माळ घालताना ‘एकादशी आणि वारी नित्य करीन’ असे आपण बोलतो, तेव्हा ते माप सासूचे धरायचे की आईचे?

पतंजलींनी महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात या शब्दाचा उलगडा केला आहे. आकाश नित्य म्हणतात तेव्हा त्याला नाश नाही, असा अर्थ. पण अमका नित्य हसणारा म्हटले, तर तो झोपेतही हसतो असे कोणी समजत नाही. वरचेवर हसतो, एवढेच. या वरचेवर होण्याला वैयाकरण ‘आभीक्ष्ण्य’ म्हणतात. ते दाखवायला पाणिनींनी शब्द दोनदा उच्चारायला सांगितला. आपली मायबोलीही ‘पुन्हा पुन्हा’, ‘रडून रडून’ असे दोनदाच म्हणते. ‘वारंवार’ त्यातलेच, वार म्हणजे खेप, पाळी.

आता व्रताच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ पुरे पडत नाहीत. अखंड उपास कोणी करू शकत नाही, आणि वरचेवर म्हणावे तर ज्याचे त्याचे माप निराळे. इथे मीमांसकांना विचारावे. अग्निहोत्र जिवंत असेतोवर करावे, असे वेद सांगतो. मग माणसाने आहुती टाकत मरेपर्यंत बसूनच राहावे काय? नाही. रोज सायंकाळ-सकाळ वेळ झाली की होम करावा, आणि असे जन्मभर करावे. दर्शपूर्णमास तर अमावास्या-पौर्णिमेलाच, तरी तेही नित्य. किती वेळा, हा तिथे प्रश्नच नाही. नेमलेला काळ आला की करायचे, आणि टाळले तर दोष.

एकादशा वर्षाला 24, अधिक मास आला तर 26. महिन्याचा वारकरी दर शुद्ध एकादशीला पंढरीस जातो, कोणी आषाढी-कार्तिकी करतो, कोणाची एक आषाढीच. खेपा कमी-जास्त; नित्यपणा सर्वांचा सारखाच. ‘जमेल तसा जातो’ म्हणणारा वर्षात दहा वेळा गेला तरी ते नित्य नव्हे, कारण त्याच्या जाण्याला काळ नेमलेला नाही. त्याला पुण्य नाही असे मी म्हणत नाही. शब्द तेवढा निराळा वापरावा.

2020 आणि 2021 साली महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही. पादुका एस. टी. ने पंढरीस गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी माणसे घरी बसली. ‘महाराज, आमची वारी खंडली का हो?’ असे पुष्कळांनी डोळ्यांत पाणी आणून विचारले. यावरही मीमांसेत निर्णय आहे. काम्य कर्म फळासाठी असते, त्याची सगळी अंगे पुरी झाली पाहिजेत. नित्य कर्म मात्र शक्तीप्रमाणे करावे. एखादे अंग राहिले तरी प्रधान घडले की कर्म झाले. आता पायी चालणे हे अंग की प्रधान, यावर वाद घालणारे घालोत. मला विचाराल तर त्या आषाढीला ज्याने उपास केला, घरीच टाळ घेऊन हरिपाठ म्हटला आणि पंढरीच्या दिशेला दंडवत घातला, त्याने वाऱ्यांच्या हिशेबात ती दोन्ही वर्षे खुशाल धरावी.