बिलिरुबिन वाढले म्हणजे कावीळच का?

सोनपेठच्या माझ्या दवाखान्यात एक तरुण आला. पोटात गॅस, मळमळ. रक्तातील बिलिरुबिन २.१. काविळीच्या धास्तीने त्याने जेवण तोडले. पुन्हा तपासले तर २.८! उपाशी राहिल्यानेच ते वाढले होते. रक्तपेशी, यकृताच्या इतर तपासण्या, सोनोग्राफी, सारे व्यवस्थित होते. हा गिल्बर्टचा दोष. फ्रान्सच्या डॉ. गिल्बर्ट यांनी १९०१ साली तो वर्णिला. यात बिलिरुबिनचा निचरा करणारे यकृतातील विकर जन्मतःच मंद असते. यकृत खराब होत नाही, औषध लागत नाही. पोट बिघडायला काळजीही पुरते! वेळेवर जेवा, काविळीच्या माळा घालू नका. मात्र लघवी गडद, शौच पांढरट, ताप किंवा वजनात घट असल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.