नदीकाठ सोडून ही वाट डोंगरावर का चढते?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, वय 57 आणि 53, राहणार डोंबिवली. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड असे ट्रेक वर्षानुवर्षं करत आलोय. निवृत्तीच्या आधी पेरूला जाऊन माचू पिक्चूपर्यंत चार दिवस चालत जायचं ठरवतोय. दोन शंका आहेत. नकाशात रेल्वे नदीच्या काठाकाठाने थेट माचू पिक्चूच्या पायथ्याशी जाते. मग पायवाट मध्येच 4,200 मीटरवर चढून पुन्हा खाली का उतरते? आणि दुसरी शंका, तयारी नेमकी कुठून सुरू करायची? हिचा डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, तेही लक्षात घ्या.

उत्तर : पहिली शंका सहसा कुणी विचारत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ओयांतायतांबो गावाच्या खाली उरुबांबा नदी ग्रॅनाइटच्या उभ्या कड्यांमधून वाहते. आज त्या घळईतून रेल्वे सहज जाते. पण तिथली खेचरांची वाट 19व्या शतकाच्या अखेरीस सुरुंग लावून काढलेली आहे. अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम जुलै 1911 मध्ये माचू पिक्चूला पोहोचला, तोही याच नदीकाठच्या रस्त्याने आला होता. म्हणजे तुम्ही ज्या डोंगरी वाटेने जाणार आहात, त्या वाटेने तो आलाच नव्हता. तिचे तुकडे त्याला 1915 च्या मोहिमेत सापडले.

पण घळई अवघड होती, एवढं कारण पुरत नाही. इंका लोकांनी याहून अवघड जागी रस्ते बांधलेत. या वाटेवर क्रमाने काय लागतं ते बघा. रुंकुराकायची गोल वास्तू, मग कड्याच्या टोकावरचं सायाकमार्का, मग पुयूपातामार्काची दगडी स्नानकुंडं, मग विन्याय वायनाची डोंगरउतारावर वळत गेलेली पायऱ्यांची शेतं. शेवटी इंती पुंकू म्हणजे सूर्यद्वार, आणि तिथून सगळं माचू पिक्चू एकदम समोर येतं. नुसती मालाची ने-आण करायची असती तर एवढा खटाटोप कुणी केला नसता. माचू पिक्चू ही 15व्या शतकातल्या पाचाकुती या सम्राटाची जहागीर, आणि तिथे जाण्याचा हा मानाचा, विधीचा मार्ग होता, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

शिवाय इंकांकडे घोडा नव्हता, गाडीचं चाकही नव्हतं. ओझं वाहायचं ते माणसाने नाहीतर लामाने, आणि एक लामा फार तर पंचवीसेक किलो उचलतो. चाक नसेल तर रस्त्याला सौम्य चढ कशाला हवा? खडकात पायऱ्या काढायच्या आणि सरळ खिंडीवर जायचं. या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एखादी जेमतेम वीतभर, पुढची गुडघ्याला येईल एवढी, काही तर अखंड शिळेतच कोरलेल्या. पुयूपातामार्काच्या अलीकडे वाट एका बोगद्यातून जाते. तिथे मूळच्या कातळाच्या भेगेतच पायऱ्या काढल्यात. सूर्यद्वाराच्या थोडं आधी पन्नासेक पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की बरेच जण हात टेकूनच चढतात.

आता दुसरी शंका. तिचं उत्तर पहिलीतच अर्धं दडलंय. आपण भीती बाळगतो ती अवशेषांच्या उंचीची. पण माचू पिक्चू आहे फक्त 2,430 मीटरवर. ज्या कुस्को शहरात तुम्ही विमानातून उतरणार, ते 3,400 मीटरवर आहे, म्हणजे जवळपास एक किलोमीटर जास्त उंच. आणि लिमा समुद्रकाठी. लिमाहून सव्वा तासात तुम्ही कुस्कोत असता आणि शरीराला अजून पत्ताही लागलेला नसतो. लोक आजारी पडतात ते बहुतेक तिथेच, हॉटेलच्या खोलीत, ट्रेक सुरू व्हायच्या आधी.

म्हणून या ट्रेकची आखणी करताना कुठे चढणार याच्या आधी रोज कुठे झोपणार ते कागदावर मांडा. कुस्कोत उतरलात की तिथे मुक्काम न करता गाडीने सरळ ओयांतायतांबोला या. ते 2,800 मीटरच्या आसपास आहे. दोन रात्री तिथे काढा, गावातली मोठी गढी हळूहळू बघा. मग वर कुस्कोला जाऊन दोन रात्री राहा आणि त्यानंतर ट्रेक. पहिला मुक्काम सुमारे 3,000 मीटरवर वाय्याबांबाजवळ. दुसऱ्या दिवशी वार्मीवान्युस्का ही 4,215 मीटरची खिंड ओलांडून पाकायमायोला 3,600 मीटरवर उतरता. तिसरी रात्र विन्याय वायनाजवळ, 2,650 मीटरवर. म्हणजे सगळ्यात उंच जागी तुम्ही फक्त तास-अर्धा तास असता. फोटो काढून खाली निघायचं. हा क्रम पाळलात तर निम्मी काळजी मिटते.

सह्याद्रीतल्या माणसाला एक गोष्ट समजायला वेळ लागतो. कळसूबाई 1,646 मीटर, आणि ती खिंड तिच्या अडीचपट उंच. 4,200 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच उरतो. सह्याद्रीने पाय दिलेत, पण विरळ हवेची सवय काही दिलेली नाही, आणि ती इथे राहून लागतही नाही. उंचीचा त्रास वय बघत नाही आणि तंदुरुस्तीही बघत नाही. उलट धडधाकट माणूसच जास्त अडकतो, कारण तो भराभर चढतो. दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये सगळ्यात मागे राहा. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवा.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. ती असताना आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली, तर थांबून वाट बघायची नाही, लगेच खाली उतरायचं. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी बरेच जण घेतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर हे आधी सांगा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही. आणि पहिले दोन दिवस मद्य नको. पेरूत पिस्कोचा आग्रह फार होतो.

तरीही तयारीची सुरुवात व्यायामापासून करू नका, परवान्यापासून करा. या वाटेवर दिवसाला 500 माणसांनाच सोडतात, आणि त्यात गाइड, हमाल, स्वयंपाकी सगळे धरले जातात. चालणाऱ्या पाहुण्यांना उरतात जेमतेम दोनशे जागा. स्वतंत्रपणे जाता येत नाही, अधिकृत एजन्सीबरोबरच जावं लागतं. मे ते ऑगस्टच्या तारखा महिनोन् महिने आधी संपतात. परवाना नावाने आणि पासपोर्टच्या नंबराने निघतो आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी तो नवा करून घ्या, मग बुकिंग. फेब्रुवारीत वाट देखभालीसाठी पूर्ण बंद असते.

तारखा निवडताना एक गंमत लक्षात येईल. त्यांचा कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे जवळपास आपला पावसाळाच. जून-जुलैत आकाश निरभ्र असतं, पण रात्री तंबूबाहेर पारा शून्याला टेकतो. माझं मत मेच्या बाजूने. पाऊस नुकताच संपलेला असतो आणि डोंगर अजून हिरवे असतात.

आता वहिनींच्या गुडघ्याचं. चढाची चिंता कमी करा, उताराची जास्त. तिसऱ्या दिवशी पुयूपातामार्कापासून विन्याय वायनापर्यंत सुमारे एक हजार मीटर उतार आहे, आणि तोही बहुतेक दगडी पायऱ्यांचा. गुडघा बोलतो तो तिथे. दोन काठ्या घ्या, टोकाला रबरी टोपण असलेल्या, उघडं धातूचं टोक वाटेवर चालत नाही. सरावासाठी इमारतीचे जिने चढण्यापेक्षा उतरण्यावर भर द्या. राजगडावरून गुंजवण्याकडे पाठीवर सहा-सात किलो घेऊन उतरा आणि दुसऱ्या दिवशी गुडघा काय म्हणतो ते बघा. सूज आली तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे आत्ताच जा, निघायच्या महिनाभर आधी नको.

हमाल घ्यावा की आपलं सामान आपण वाहावं?

घ्या, पण एजन्सी निवडताना काळजी घ्या. कायद्याने हमालाच्या पाठीवर 20 किलोपेक्षा जास्त ओझं चालत नाही, आणि वाट सुरू होते तिथल्या, रेल्वेच्या किलोमीटर 82 च्या चौकीवर प्रत्येकाचं गाठोडं काट्यावर ठेवून बघतात. 2001 च्या आधी अशी मर्यादाच नव्हती. भाव फारच कमी सांगणारी एजन्सी ती बचत बहुतेक हमालाच्या मजुरीतून करते. त्यामुळे विचारायचं ते हेच : हमालांना मजुरी किती, झोपायला तंबू आणि चटई मिळते का? गोलमोल उत्तर आलं तर दुसरी एजन्सी बघा.

शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळेल, आणि चांगलं मिळेल. किन्वाचं सूप, भात, मका, बटाटे. बटाट्याचं तर ते माहेरच आहे, हजारो जाती आहेत तिथे. मात्र नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. मांस नाही, मासे नाहीत आणि कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं सूपही नाही, असं लेखी कळवा. अंडं चालतं की नाही तेही सांगा. वरच्या उंचीवर भूक मरते, तेव्हा चिवडा किंवा शेंगदाण्याची चिक्की कामी येते.

व्हिसा आणि लस?

तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असेल, किमान सहा महिने मुदतीचा, तर पेरूचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या वकिलातीतून घ्यावा लागतो. मुंबईहून थेट विमान नाही, त्यामुळे मध्ये कुठे उतरता त्यावर ट्रान्झिट व्हिसाचं गणित ठरतं. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तरी व्हिसा लागतोच.

लसीकडे मात्र लोक हमखास दुर्लक्ष करतात. तिकडून परत येताना भारत सरकार पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतं, कारण पेरू त्या यादीत आहे. प्रमाणपत्र नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून विलगीकरणात पाठवू शकतात. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. साठीपुढच्यांना ही लस डॉक्टर विचार करूनच देतात. तुम्ही साठीच्या अलीकडे आहात, तेव्हा ती आत्ताच उरकून घ्या, प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. कुस्कोत जागोजागी कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथे तो कायदेशीर आहे, हवा तर प्या. पण त्याची पाकिटं आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. कोकाचं पान आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

परवाना नाहीच मिळाला तर?

तर चोकेकिरावचा विचार करा. आणि खरं सांगायचं तर परवाना मिळाला तरी करा. आपुरिमाक नदीच्या दरीपलीकडे, साधारण 3,000 मीटरवर हे मोठं इंका नगर आहे. आगाऊ परवाना लागत नाही, गर्दी तर नाहीच. तिथल्या पायऱ्यांच्या शेतांच्या भिंतींत पांढऱ्या दगडांनी लामांच्या आकृत्या बसवल्यात, त्या या शतकाच्या सुरुवातीला झाडी साफ करताना उघड झाल्या. बिंगहॅम इथे 1909 मध्ये आला आणि अशा हरवलेल्या नगरांचा नाद त्याला इथेच लागला. उंचीचा त्रास जवळपास नाही, पण पाय पार गळतात. कापुलियोकपासून नदीपर्यंत साधारण 1,400 मीटर उतरायचं, तेवढंच पलीकडे चढायचं, आणि परतीला हे सगळं उलट. खाली उकाडा आणि चावऱ्या माश्या. तुम्हा दोघांच्या सह्याद्रीतल्या अनुभवाला ही वाट जास्त ओळखीची वाटेल, पण दुखऱ्या गुडघ्याला मात्र अजिबात नाही.

गुडघ्याने ऐन वेळी साथ सोडली तर आणखी एक तोडगा आहे. रेल्वेने किलोमीटर 104 ला उतरून विन्याय वायनामार्गे एका दिवसात सूर्यद्वार गाठणारी छोटी वाट. 2,700 मीटरच्या वर ती फारशी जात नाही. एकाने चार दिवसांची वाट धरली आणि दुसऱ्याने ही, तर चौथ्या दिवशी सकाळी माचू पिक्चूत भेटता येतं. या वाटेचाही परवाना लागतो, तेव्हा एजन्सीला दोन्हींच्या तारखा एकत्रच विचारा.