पाटीवर लिहिलेलें नांव

शास्त्रपाठ : लूक १:५७-६६, यशया ८:१-३

अलीशिबेच्या घरीं मूल जन्मलें, तेव्हां शेजारी व नातलग आनंद करावयास जमले. आठव्या दिवशीं सुंतेच्या वेळीं त्यांनीं आईबापांस न विचारतांच मुलाचें नांवहि ठरवून टाकलें. बाप जखऱ्या, म्हणून मुलगाहि जखऱ्या. आई म्हणाली, नाहीं, याचें नांव योहान. त्यावर त्या मंडळींनीं जी हरकत घेतली ती आमच्या वाचकांस ओळखीची वाटेल: तुमच्या नात्यागोत्यांत हें नांव कोणाचेंच नाहीं. आईचा शब्द त्यांना पुरेना, म्हणून त्यांनीं बापाला खुणेनें विचारलें. बाप पुष्कळ महिने मुका होता. त्यानें पाटी मागवली आणि तिजवर मुलाचें नांव लिहून दिलें.

हा पाठ शिकवितांना पुष्कळ उपदेशक जखऱ्याची जीभ सुटली त्या ठिकाणाकडे धांव घेतात, आणि तें योग्यच आहे. आज मात्र आम्ही त्या पाटीपाशीं जरा थांबणार आहों.

आमच्याकडे बारशाच्या दिवशीं आत्या पाळण्यापाशीं येऊन बाळाच्या कानांत नांव सांगते. ख्रिस्ती घरांतहि पुष्कळ ठिकाणीं आत्याचा हा मान राहिला आहे, आणि त्यांत आम्हांस कांहीं वाईट दिसत नाहीं. तंटा होतो तो त्याच्या आधीं. आजोबांना आपल्या वडिलांचें नांव चालवावयाचें असतें. पुण्यास कामाला असलेल्या बापाला मोबाइलवर वाचलेलें, गांवांत कोणाचेंच नसलेलें नांव हवें असतें. आणि शास्त्रांतलें नांव पाळकांनीं काढून द्यावें असें आजीला वाटतें. शेवटीं कोणाचेंच मन मोडावयाचें नाहीं म्हणून तिन्ही नांवें ठेवितात, आणि तीं तीन निरनिराळ्या ठिकाणीं लिहिलीं जातात. पुढें काय होतें तें आम्ही सांगणारच आहों.

प्रथम हें पाहूं कीं, नवें नांव ठेवणें हा दोष आहे काय? नाहीं. योहान या नांवाचा अर्थ परमेश्वर कृपाळू आहे असा आहे. तें यहूदी लोकांत नवें नव्हतें. यिर्मयाच्या काळीं कारेहाचा मुलगा योहानान होताच (यिर्मया ४०:८). नवें होतें तें त्या घराला. म्हातारपणीं ज्या जोडप्यावर कृपा झाली, त्याच्या मुलाचें नांव त्या कृपेवरून पडलें, एवढेंच.

याहून विलक्षण नांव यशयाच्या मुलाचें होतें. महेर-शालाल-हाश-बज! लूट लवकर होत आहे, शिकार घाईनें येत आहे, असा त्याचा अर्थ. त्या आईनें मुलाला जेवावयास हांक कशी मारली असेल, हा विचार आमच्या मनांत नेहमीं येतो. परंतु त्या नांवाची व्यवस्था कशी केली तें पाहा. मूल जन्मण्याच्या आधीं एक मोठी पाटी घ्यावयास देवानें सांगितलें. तिजवर सामान्य माणसाला वाचतां येईल अशा अक्षरांनीं तें नांव लिहावयास सांगितलें. आणि उरीया याजक व जखऱ्या असे दोन विश्वासू साक्षीदार घेतले. हा जखऱ्या अर्थात् योहानाचा बाप नव्हे. तो सातशें वर्षांपूर्वींचा. पण दोन्ही गोष्टींत पाटी आहे, हें आमच्या उपदेशकबंधूंनीं लक्षांत ठेवावें. नांव जितकें अपरिचित, तितकें तें अधिक स्पष्ट लिहिलें पाहिजे.

आतां बाप्तिस्म्याच्या वेळीं जुनें नांव टाकावें कीं ठेवावें, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत अजून विचारला जातो. शौल ख्रिस्ती झाला व त्याचा पौल झाला, असें पुष्कळजण शिकवितात. तसें नाहीं. त्याचा पालट प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायांत झाला, आणि त्यानंतरहि त्याला शौलच म्हटलें आहे. पौल हें त्याचें दुसरें नांव १३ व्या अध्यायांत, तो परराष्ट्रीयांत काम करूं लागल्यावर, पुढें येतें. आणि त्या पहिल्या मंडळ्यांतील माणसांचीं नांवें तरी पाहा. अपुल्लोस हें नांव अपोलो या ग्रीक देवाच्या नांवावरून आलेलें. एपफ्रदीत हें अफ्रदीती या देवीवरून. हर्मेस हें तर देवाचेंच नांव. किंख्रियातील मंडळीची सेविका फीबी हिचें नांवहि ग्रीक लोक आपल्या एका देवीला लावीत. पौल या सर्वांस प्रीतीनें सलाम पाठवितो किंवा त्यांची स्तुति करितो. नांव बदला असें तो कोणासहि सांगत नाहीं.

आमच्या महाराष्ट्रांत दोन्ही प्रकार घडले. नारायण शेषाद्रि यांचा बाप्तिस्मा १८४३ सालीं मुंबईस झाला. ते नारायणच राहिले आणि त्याच नांवानें जालन्याजवळ बेथेल हें गांव वसवून गेले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ सालीं जौनपूर येथें ख्रिस्ती झाले व त्यांनीं नहेम्या हें नांव घेतलें. पंडिता रमाबाईंस १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्म्याच्या वेळीं मेरी हें नांव मिळालें, तरी लोक त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखतात. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या नांवांतील एक अक्षरहि बदललें नाहीं. आमचें मत विचाराल तर, ज्या नांवानें गांव माणसाला ओळखतें त्याच नांवानें गांवानें त्याचें नवें जीवन पाहावें, हें बरें. तथापि गोऱ्हेशास्त्र्यांस दोष देण्याचें आमच्या मनांतहि येत नाहीं.

पण कांहीं नांवें खरोखर बदलण्यासारखीं असतात. मुलें जगत नसत तेव्हां आमच्या आज्या नव्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, कचरू किंवा उकिर्डा म्हणत. हेतु हा कीं, दृष्ट लावणाराला व मरणाला तें मूल घेण्याजोगें वाटूं नये. त्यांत त्या आईची भीति होती, द्वेष नव्हता. मुलीवर मुली झाल्या म्हणजे शेवटचीला नकुशी म्हणत, त्यांत मात्र तेंहि नव्हतें. ही नको होती, एवढेंच त्या मुलीला जन्मभर ऐकावें लागे. २०११ च्या आक्टोबर महिन्यांत सातारा येथें अशा २८५ मुलींचीं नांवें सरकारी समारंभांत बदलण्यांत आलीं, आणि कित्येकींनीं आपलें नवें नांव आपणच निवडलें. राहेल मरतां मरतां आपल्या मुलाला बेनओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असें म्हणाली. याकोबानें त्याला बन्यामीन म्हटलें (उत्पत्ति ३५:१८). पत्नीचा शेवटचा शब्द मोडणें याकोबाला सोपें गेलें नसेल. पण त्या मुलाला जगावयाचें होतें. आमच्या मंडळींत नकुशी नांवाची मुलगी किंवा म्हातारी अजून असेल, तर तिला कोणत्या नांवानें हांक मारलेली आवडेल हें पाळकानें तिलाच विचारावें.

आतां धोंडू कोणी ठेवीत नाहीं. तरी ती भीति गेली असें समजूं नका. अंकांचे हिशेब मांडणारे लोक निघाले आहेत. ते सांगतात कीं, मुलाच्या नांवाच्या इंग्रजी स्पेलिंगांत एक अक्षर दोनदां लिहा, म्हणजे त्याला यश येईल. ख्रिस्ती घरेंहि या नादीं लागतात, हें आम्ही खेदानें लिहितों. दृष्ट लागूं नये म्हणून धोंडू म्हणणारी आजी आणि यश यावें म्हणून अक्षर वाढविणारा पदवीधर बाप, यांच्या विश्वासांत आम्हांस फरक दिसत नाहीं. आजीनें निदान त्यासाठीं पैसे दिले नव्हते.

शास्त्रांतलें नांव निवडतांनाहि तें शास्त्रांत आहे एवढ्यावर भागत नाहीं. मुलीचें नांव सेला ठेवण्याची चाल अलीकडे निघाली आहे. हा शब्द स्तोत्रसंहितेंत ७१ वेळां येतो, पण तें कोणा माणसाचें नांव नव्हे. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांस दिलेली ती कांहीं सूचना असावी, आणि तिचा नक्की अर्थ विद्वानांसहि लागलेला नाहीं. नांव ऐकावयास गोड आहे, ठेवावें. परंतु त्याचा अर्थ अमुकच आहे असें मुलीला खोटें सांगूं नये. शिवाय आमचीं मुलें मराठी शाळेंत जातात, हेंहि विसरतां कामा नये. दुःखी झालेली नामी स्वतःला मारा म्हणवून घेऊं लागली, पण मराठी शाळेच्या अंगणांत मारा म्हणून हांक मारली तर काय होईल? लोट नांवाच्या मुलाला रांगेंत उभा करण्याचें धाडस आम्हीं तरी करणार नाहीं.

यापुढें अक्षरांची गोष्ट. एकाच नांवाचीं किती रूपें! आमच्या शास्त्रांत योहान, इंग्रजी शिकलेल्यांत जॉन, गोव्याकडे जुवांव. यांपैकीं कोणतेंच दुसऱ्यापेक्षां अधिक पवित्र नाहीं. पण एका मुलाला त्यांतलें एकच असावें. इफ्राइमी लोकांस शिब्बोलेथ म्हणतां येईना, ते सिब्बोलेथ म्हणाले, आणि या एका अक्षरावरून यार्देनेच्या उताराशीं बेचाळीस हजार माणसें मेलीं (शास्ते १२:६). आमच्या दिवसांत अक्षरावरून जीव जात नाहीं. पण वर्ष जातें.

आमच्या पाहण्यांतील एका शेतमजुराच्या मुलाचें असेंच झालें. मंडळीच्या वहींत तो शमुवेल. शाळेंत घालतांना गुरुजींनीं कानावर आलें तसें श्यामवेल लिहिलें. पुढें बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज भरतांना कोणी तें सुधारून सॅम्युअल केलें, आणि आधार कार्डावर इंग्रजी अक्षरें चौथ्याच रीतीनें पडलीं. भरतीच्या वेळीं कागद पुढें ठेविले, तेव्हां हीं चार माणसें कीं एक, असा प्रश्न पडला. बापानें मजुरी बुडवून तालुक्याला कितीतरी खेपा घातल्या, प्रतिज्ञापत्र केलें, राजपत्रांत नांव छापून आणलें. तोंपर्यंत भरती आटोपली होती, आणि पुढच्या भरतीस मुलाचें वय बसेना. बाप्तिस्म्याचा दाखला लिहून देतांना दुसरा कोणताहि कागद मागून पाहावा हें आम्हांस सुचलें नव्हतें. तो बाप आम्हांस एका शब्दानेंहि बोलला नाहीं, आणि तें आम्हांस अधिक लागलें.

म्हणून कायदा थोडक्यांत सांगतों. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें जन्माची खबर २१ दिवसांच्या आंत दिली पाहिजे. त्या वेळीं नांव ठरलेलें नसलें तरी चालतें. तें मागाहून घालतां येतें, बारा महिन्यांच्या आंत शुल्क न देतां, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क देऊन. तेव्हां दवाखान्यांत परिचारिकेनें विचारलें म्हणून घाईनें कांहींतरी सांगण्याचें कारण नाहीं. २०२३ च्या आक्टोबरच्या १ तारखेपासून जन्मलेल्या मुलांस शाळेंतील प्रवेश, मतदारयादी, वाहनाचा परवाना, आधार अशा अनेक कामांसाठीं हा जन्माचा दाखलाच लागणार आहे. म्हणजे त्यावर जें अक्षर पडेल तेंच सर्वत्र जाईल. शिवाय महाराष्ट्रांत २०२४ च्या मे महिन्याच्या १ तारखेपासून जन्मलेल्या मुलाच्या नांवामागें आधीं आईचें नांव, मग बापाचें व मग आडनांव असा क्रम आहे. अलीशिबेचा शब्द तिच्या नातलगांस पुरला नव्हता! पण आमच्या कितीतरी बहिणींचें माहेरचें नांव एक, लग्नानंतरचें दुसरें, बाप्तिस्म्याचें तिसरें. मुलाच्या कागदावर यांपैकीं कोणतें घालावयाचें तें घरांत आधीं ठरलें पाहिजे, आणि तें त्या बाईला विचारून ठरावें.

घरीं लाडानें शाम म्हणा, बाळू म्हणा, त्याला कोणाची मनाई नाहीं. बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यांत मात्र उपदेशकानें पाटी घेऊन त्या घरीं जावें. मुलाचें नांव तिजवर मराठींत मोठ्या अक्षरांनीं लिहावें. त्याखालीं इंग्रजी अक्षरें, जन्माच्या दाखल्यावर असतील तींच, तो दाखला समोर ठेवून लिहावीं. मग आईकडून व बापाकडून तें वाचवून घ्यावें. आईला वाचतां येत नसेल तर एकेक अक्षर बोटानें दाखवून सांगावें, आणि तिनें मान डोलविल्याशिवाय पुढें जाऊं नये. उरीया व जखऱ्या यांच्या जागीं मंडळीच्या दोन वडिलांस बसवावें. हें सर्व झाल्यावर पाटीवरून पाहून वहींत उतरावें. पाटी जुनी चालेल. रविवारच्या शाळेंत एकादी असतेच.