तंबाखू सोडण्याच्या दोन वाटा

(पालकसभेसाठी व इयत्ता पाचवी ते सातवीच्या आरोग्यपाठासाठी)

पार्श्वभूमी

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांत खेड्यापाड्यांतील असंख्य माणसे पोटासाठी राहतात. रिक्षा, बांधकाम, रात्रपाळीचा पहारा अशा कामांत झोप आवरण्यासाठी आणि भूक मारण्यासाठी तंबाखूची चिमूट गालात धरण्याची सवय लागते. गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेला बाप तीच पुडी मुलाकरवी दुकानातून आणवतो. घरात आई मिश्रीने दात घासते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांपैकी बहुतेकांची तंबाखू बिनधुराची होती.

असा पालक शहरातील औषधांच्या दुकानात निकोटिनची चघळण्याची गोळी पाहतो आणि गावच्या गुरुजींना विचारतो, “ही घेऊ, की एकदम सोडू? एक व्यसन जाऊन दुसरे तर लागणार नाही?” या प्रश्नाचे नीट उत्तर शिक्षकापाशी असावे.

व्यसन कशाचे, अपाय कशाचा?

तंबाखूत माणसाला बांधून ठेवणारे द्रव्य निकोटिन होय. कर्करोग मात्र मुख्यतः त्याच्यासोबतच्या इतर विषारी द्रव्यांमुळे होतो. विडीच्या धुरात डांबर व कार्बन मोनॉक्साइड असतात. चघळण्याच्या तंबाखूत नायट्रोसामाइन वर्गातील द्रव्ये असतात. हा भेद समजला म्हणजे पुढील विवेचन सोपे होते.

पहिली वाट : एकदम सोडणे

ठरलेल्या दिवसापासून तंबाखू पूर्णपणे वर्ज्य करावयाची. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कामात लक्ष न लागणे हे त्रास पहिल्या आठवड्यात तीव्र असतात आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. या वाटेला खर्च नाही व निकोटिनपासून सुटका लगेच होते. परंतु कोणाच्याही आधाराशिवाय सोडणारे पुष्कळजण पहिल्या काही दिवसांतच पुन्हा पुडीकडे वळतात.

दुसरी वाट : आधार घेऊन सोडणे

गोळी किंवा त्वचेवर लावण्याची पट्टी शरीराला ठरावीक मात्रेत निकोटिन पुरवते. मात्रा कमी करीत सुमारे तीन महिन्यांत ती थांबवावयाची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या उपचाराचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. धूम्रपान करणाऱ्यांत त्यामुळे यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. तंबाखू चघळणाऱ्यांबाबत गोळीच्या उपयोगाचा पुरावा तितका भक्कम नाही. त्यांना समुपदेशनाचा लाभ होतो.

गोळी खडीसाखरेसारखी चावून संपवावयाची नसते. ती सावकाश चावावी, झणझणीत चव येताच गाल व हिरडी यांमध्ये धरावी, चव गेली की पुन्हा चावावी. असे सुमारे अर्धा तास करावे. गोळीपूर्वी पंधरा मिनिटे व गोळी तोंडात असताना चहा घेऊ नये. त्याने निकोटिन नीट शोषले जात नाही.

निर्णय

गोळी हा नदीवरील साकव आहे; त्यावर घर बांधावयाचे नसते. जो एकदम सोडू शकतो त्याने खुशाल सोडावे. ज्याचे प्रयत्न वारंवार फसले, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने आधार घेण्यात कमीपणा मानू नये. गोळीही चालू आणि पुडीही चालू, असे मात्र वर्षानुवर्षे चालता कामा नये. गरोदर स्त्रिया व हृदयविकाराचे रोगी यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी घेऊ नये. ई-सिगारेट ही तिसरी वाट नव्हे. तिच्या विक्रीवर २०१९ पासून भारतात बंदी आहे.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी

१. विद्यार्थ्याला निकोटिनची गोळी स्वतः देऊ नये. पालकांसह डॉक्टरांकडे पाठवावे.
२. पालकसभेत १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहावा.
३. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे आढळल्यास तपासणीचा आग्रह धरावा.
४. २००३ च्या कायद्यान्वये शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही, तसेच १८ वर्षांखालील मुलास ती विकता येत नाही. हे दुकानदारास समजावून सांगावे.
५. ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या खिशात पुडी आहे, त्याने आरंभ तेथूनच करावा. मुले पाठापेक्षा गुरुजींचे गाल अधिक लक्षपूर्वक वाचतात.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. निकोटिन आणि तंबाखूतील इतर विषारी द्रव्ये यांत फरक कोणता?
२. गोळी घेताना चहा का टाळावा?
३. वडिलांनी पुडी आणावयास सांगितल्यास नम्रपणे काय म्हणाल?